न घातलेला रामराम

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या साडूंइतका नियमाने चालणारा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोला माझा कोपरापासून नमस्कार सांगा. साडू रेल्वेत ड्रायव्हर. सव्वीस वर्षं त्यांनी दौंडातून गाड्या नेल्या-आणल्या, आणि नियम हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते 'रूल' म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत, देवघरात आणतात तसा. "रेल्वेचा एकेक रूल म्हंजी कुणाची तरी मयत हाय, पाव्हणं," ते मला सांगत. "आधी मान्स मरत्यात, मंग रूल लिवला जातो." त्यांच्या वाटेवर साखर कारखान्याचा एक जुना रूळ आडवा जायचा. रूळ उचलून नेऊन कितीतरी वर्षं झाली, तिथे आता हरभरा करतात, पण 'थांबा, पहा, पुढे जा' ही पाटी तेवढी राहिली आहे. साडू तिथे मोटारसायकल थांबवत, दोन्ही बाजूंना हरभऱ्याकडे नीट बघून घेत, आणि मगच पुढे जात. मागे मी बसलेला असलो तर मलाही बघायला लावत. पाटी आहे तोवर रूल आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावर त्यांनी भर मांडवात घड्याळ वर धरून "नऊ मिनिटं लेट" असं जाहीर केलं होतं. मुलीचा बाप तेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा रामराम. इंजिनच्या खडखडाटावर मात करायची सवय लागलेला तो आवाज, आणि रुळाच्या कडेला दिसेल त्याला हात वर करायची सव्वीस वर्षांची शिस्त. फाटकवाला असो, गँगमन असो, म्हशी चारणारी बाई असो, साडूंचा रामराम चुकायचा नाही. शिरूरला माझं औषधांचं दुकान आहे, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. साडू स्टँडवर उतरले की मला दुकानात कळायचं. एकेक रामराम जवळ येत जायचा आणि मी चहा सांगून ठेवायचो. ओळख असायलाच हवी असं काही नव्हतं. एकदा त्यांनी एका बंद शटरला रामराम घातला. आत माणूस असावा असं वाटलं, म्हणाले.

आता असा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून मानसोपचार शिकायला गेला, हे ऐकून नातेवाईक हसले. त्यात मी पहिला. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे. साडूंना शिकायचं होतं ते समोर बसवून, बोलतं करून माणसाला सावरण्याचं काम. बी.ए. त्यांच्याकडे जुनं होतं, एम.ए. त्यांनी नोकरीत असतानाच बाहेरून केलं, आणि मग पुण्यात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. माझी मोठी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आम्ही तिला ताई म्हणतो, ती सगळ्यांना सांगत सुटली, "तीस वर्सांत माझ्याशी धड दोन शब्द बोलले न्हाईत, आन् आता लोकांशी बोलायचं शिकाया पुण्याला जात्यात."

कारण मला एकट्याला माहीत होतं. एका दुपारी त्यांच्या अंगणात आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी ते सांगितलं, शेंगांवरची नजर न काढता. नोकरीत त्यांच्या इंजिनपुढे तीन माणसं आली होती. चुकून नाही, आपणहून. पहिला तरुण होता. दुसरी बाई होती. तिसऱ्याने रुळाशेजारच्या खडीवर जेवणाचा डबा ठेवलेला होता, झाकण घट्ट लावून. "जेवला नव्हता," साडू म्हणाले. "डबा जड व्हता, म्या उचलून बघितला." अशा वेळी रूल काय? गाडी थांबवायची, जागा लिहून घ्यायची, पुढच्या स्टेशनला कागद द्यायचा आणि निघायचं. मागच्या गाड्या खोळंबतात. "ब्रेक मारून उपेग नसतो, पाव्हणं. एवढी मोठी गाडी, थांबायला अर्धा मैल घेती. त्या मान्साला थांबवायचं आसंल तर तो घरातनं निघायच्या आधी थांबवाया पायजे. चौथा म्या आधी गाठनार." मी मान हलवली आणि शेंगा फोडत राहिलो. घरी येऊन बायकोला मात्र मी साडू कॉलेजात पोरींच्या शेजारी कसे बसतील याची नक्कल करून दाखवली. माझा स्वभावच तसा आहे. कोणाचं काही कळलं की ते पोटात राहत नाही, आणि लोक हसले की मला आणखी सुचतं.

आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत साडूंनी मला माल पुष्कळ पुरवला. सकाळच्या गाडीने ते पुण्याला जात, आणि दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं त्यांना सोसत नसे. प्रत्येक ब्रेकला ते डोळे मिटून "उशीर केला" असं पुटपुटत. वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीस वर्षांची मुलं. ती त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवत. एकमेकांसमोर दुःखी माणसाचं सोंग घेऊन बसायचं, अशी तालीम त्यांना असायची. साडूंच्या वाट्याला प्रियकराने सोडलेली कॉलेजकुमारी आली. त्यांनी ती इतकी मनापासून केली म्हणे, की वर्गातल्या दोन मुली खरोखर रडल्या आणि एकीने तर आपल्या मित्राशी असलेलं भांडण त्याच दिवशी मिटवलं. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, हे शिकल्यावर ते घरी सुरू झालं. ताई म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय." साडू पुढे झुकून म्हणाले, "मीठ कमी पडलंय असं तुला वाटतंय." ताई म्हणाली, "वाटत न्हाई, पडलंय. चाखा." मग शांतता शिकले. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, कितीही वेळ गेला तरी. त्याची तालीम त्यांनी माझ्या घरी, पुरणपोळीच्या ताटावर केली. पाहुणा गप्प बसला म्हणजे काहीतरी बिनसलं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. माझी बायको आधी तूप आणायला धावली, मग दूध, आणि पाच मिनिटांनी तिने बहिणीच्या ओटीतली जरीची साडी तीन वर्षांपूर्वी परस्पर बदलून घेतल्याचं कबूल करून टाकलं. साडू म्हणाले, "हां." म्हणजे विद्या खोटी नव्हती.

शिकणाऱ्याने स्वतःही कोणापुढे तरी तसं बसायचं असतं. साडू पुण्यातल्या एका बाईंपुढे बसत. पहिले आठ वेळा त्यांनी त्या बाईंना एअर ब्रेक समजावून सांगितला. नवव्या वेळी डब्याचं सांगितलं. त्या दिवशी ते पुण्याहून आले तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि ताईने काही न विचारता त्यांच्यासाठी पिठलं टाकलं.

अभ्यासक्रम पुरा व्हायचा तर खऱ्या माणसांबरोबर ठरावीक तास बसावं लागे आणि त्यावर पुण्याला शिकवणाऱ्या मॅडमशी चर्चा करावी लागे. ओळखीच्या माणसावर उपचार करायचे नाहीत, हा रूल. दौंडात तर त्यांना कुत्रीसुद्धा ओळखत होती. म्हणून ते गुरुवारी आणि रविवारी शिरूरला येऊन माझ्या दुकानामागच्या कोठीत बसू लागले. सलाइनच्या खोक्यांच्या दोन भिंती, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि येणाऱ्याच्या डोक्यामागे एक घड्याळ, म्हणजे ते साडूंना दिसावं आणि त्याला दिसू नये. पन्नास मिनिटं. एक्कावन्नावं नाही. त्या पन्नास मिनिटांत दारावर टकटक करायची नाही, आग लागली तरी. मी आलेल्याला पेशंट म्हटलं की ते "क्लायंट" अशी दुरुस्ती करत. डोळे पुसायला त्यांनी कागदी रुमालांचा डबा ठेवला होता. बायका पदराने आणि पुरुष टोपीने डोळे पुसत, आणि तो डबा तसाच राही. एका म्हाताऱ्या आबांनी मात्र जाताना त्यातले चार कागद खिशात घातले. म्हणाले, चष्म्याला बरे हायेत. भेट घ्यायची नाही हाही रूल होता. मग लोक मेथीच्या जुड्या, गावरान अंडी माझ्या काउंटरवर ठेवून जात, आणि ते वर्षभर आमच्या घरी पचलं. आत काय बोलणं होतं त्यातलं एक अक्षर साडूंनी मला कधी सांगितलं नाही. बोललेलं सगळं ते रात्री आठवून लिहीत आणि ते कागद लोखंडी ट्रंकेत घालून किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवत. मी खूप खोदून पाहिलं. ते नुसते माझ्याकडे बघत बसायचे, आणि मग मीच काहीतरी माझं सांगून बसायचो.

गुरुवारी चारला एक जण येई. त्याच्याबद्दल मी जे लिहितो आहे ते त्याच्या घरच्यांनी 'लिवा' म्हटल्यावरच लिहितो आहे. तरी गाव मांडवगण फराट्याच्या बाजूचं, यापलीकडे सांगणार नाही. पस्तिशीचा, उंच, बागायतदाराच्या मोठ्या घरातला, सोसायटीत घरच्यांचा शब्द चालणारा. दोन वर्षांपूर्वी फवारणी करताना त्याच्या 'चुकून पोटात औषध गेलं' होतं. औषधांचं दुकान चालवणाऱ्याला हे चुकून म्हणजे काय ते कळतं. गावालाही कळतं, पण गाव 'चुकून' म्हणतं, घरच्यांची लाज राखतं, आणि पुन्हा तो विषय कोणी काढत नाही. त्या मुलाशीही नाही. तो कसा कोण जाणे साडूंपर्यंत आला. घरी बाजार समितीत काम आहे असं सांगून यायचा, हेल्मेट न काढता दुकानातून सरळ मागे जायचा. जाताना हेल्मेट हातात असायचं. साडू एकदाच म्हणाले, तेही मॅडमशी फोनवर, मी ऐकलं, "मॅडम, ह्यो चौथा हाय." त्यानंतर गुरुवारी त्यांची पहिली गाडी चुकेल की काय या धास्तीने ते बुधवारीच मुक्कामाला येऊ लागले.

आता रूल सांगतो, ज्यापायी हे सगळं झालं. खोलीबाहेर, रस्त्यात, बाजारात क्लायंट भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवायची. त्याचं गुपित त्याचं राहावं म्हणून हा नियम, आणि तो कुठल्यातरी मोठ्या शहरासाठी केलेला असावा, जिथे कोणी कोणाला रामराम घालत नाही. साडूंनी तो इंजिनातल्या रूलसारखा पाळला. झालं असं की बाजारपेठेतून हा माणूस डावी-उजवीकडे रामराम वाटत यायचा, आणि मध्येच एखाद्या माणसासमोर त्याचं तोंड गप्पकन मिटायचं, नजर थेट समोर, आणि चार पावलांवर पुन्हा रामराम सुरू. हे माझ्या लक्षात आलं. शिरूरमधल्या कोणाच्याही आधी माझ्या लक्षात आलं, कारण कोण मागच्या खोलीत जातो ते मी बघत होतो.

मी काय करायला हवं होतं? त्याच दिवशी साडूंना आत बोलावून सांगायला हवं होतं, की अहो, तुमचं हे असं दिसतंय. मी ते सांगितलं नाही. मी ते चहाच्या टपरीवर सांगितलं. "आमचे साडू ज्याला रामराम घालत नाहीत ना, तो त्यांचा पेशंट समजायचा." टपरी अशी हसली की चहावाल्याच्या हातून साखर सांडली. मग मी ते नाभिकाकडे सांगितलं, भिशीत सांगितलं, एका बारशात तर साडूंची नजर कशी समोर खिळते ते चालून दाखवलं. नाव मी कोणाचंच घेतलं नव्हतं, याचं मला तेव्हा समाधान होतं. नाव घ्यायची गरजच उरली नव्हती.

त्या चारच्या मुलाचे थोरले चुलते वारले. म्हातारे होते, माझं जुनं गिऱ्हाईक. दहाव्याला मी जाणारच होतो. साडू मुक्कामी होते. ते म्हणाले, मीही येतो. हे त्या मुलाचं घर हे त्यांना माहीत असणार, पण 'येत नाही' म्हटलं असतं तर मी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगणं रूलात बसत नव्हतं. नदीवर घाटाशी चारेकशे माणसं होती. आमच्याकडचा दशक्रिया म्हणजे तालुका लोटतो. महाराजांचं प्रवचन झालं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या, आणि मग घरचे पुरुष डोकी उतरवलेले, पांढऱ्या टोप्या घातलेले, रांगेने उभे राहिले. प्रत्येकाने त्यांच्यासमोरून हात जोडत जायचं. मी पुढे, साडू मागे. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, मग तो. तो खाली मान घालून उभा होता. मी हात जोडून पुढे सरकलो आणि वळून पाहिलं. साडू त्याच्यासमोर क्षणभर थांबले. तो मान वर करतो का, ओळख दाखवतो का, याची वाट पाहत असावेत. त्याने मान वर केली नाही. साडूंचे जोडलेले हात सुटले, खाली आले. ते एक पाऊल पुढे गेले, आणि त्यापुढच्या माणसासमोर पुन्हा जोडले गेले.

दहाव्याच्या रांगेत एकाला वगळणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर असल्यासारखं. पण तिथे कोणाला वैर आठवलं नाही. रांगेच्या टोकाशी उभे असलेले धाकटे चुलते शेजारच्याला म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हंजी आमचं हे बी तिकडंच जातंय व्हय गुरुवारी?" कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले, उपरण्यात तोंड घालून. माझ्याही ओठांवर हसू येऊन गेलं, सवयीचं, आपला विनोद दुसऱ्याच्या तोंडी ऐकल्यावर येतं तसं. त्या मुलाने तेव्हा मान वर केली. त्याने साडूंकडे पाहिलं नाही, चुलत्यांकडे पाहिलं नाही. तो नदीच्या पलीकडे बघत राहिला, आणि पुढची माणसं हात जोडत जात होती तेव्हा त्याचे हात आपसूक जोडले जात होते.

परत येताना मोटारसायकलवर साडूंनी एकदाच विचारलं, "तिकडं म्हंजी कुठं, पाव्हणं? ते काय म्हनाले?" मी म्हटलं, वाऱ्यात ऐकू येत नाही.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. साडू चार ते चार पन्नास खोलीत बसले. येणारा आला नाही तरी त्याची वेळ त्याचीच, दुसऱ्याला द्यायची नाही, आपण उठायचं नाही, हाही रूल. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. फोन बंद लागत होता. घरी जायचं नाही, कारण घरी जाणं म्हणजे घराला सांगणं. साडूंचं जेवण तुटलं. मॅडम चांगल्या होत्या. तिशीच्या, साडूंच्या मुलीच्या वयाच्या. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी त्यांनी घाटावरचं सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर स्पष्ट सांगितलं, "काका, नियम त्याच्यासाठी होता. तुम्ही जा. घरी कळलेलंच आहे, आता जाऊन त्याला भेटा." गुरुवारी तीन वाजता साडू माझ्या काउंटरशी उभे राहून म्हणाले, "रेल्वेत बी हाय तसं. काही सिग्नल लाल ऱ्हायले तर जराशानं शिट्टी देत, हळूहळू फुडं जाता येतं. उद्या सकाळी पैल्या यष्टीनं जातो. आज त्याची येळ हाय, आज आला तर म्या हितं पायजे." माझ्या तोंडाशी आलं होतं, की आत्ताच जा, माझी गाडी घेऊन जा. पण मग 'का' विचारलं असतं. चार वाजता ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

चार वीसला त्या गावचा एक गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला. घाईत होता. म्हणाला, "आज आमच्या आळीत चूल न्हाई पेटली." कोण, असं मी विचारलं नाही. त्याने सांगितलं. पहाटेच, म्हणाला. या वेळी 'चुकून' हा शब्द त्याने वापरला नाही.

गोळ्यांची पाकिटं बांधून दिली, तो गेला. कोठीचं दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं. आत साडू रिकाम्या खुर्चीसमोर त्याची वाट बघत बसले होते. चार पन्नास व्हायला अजून अर्धा तास होता. मी दारापर्यंत गेलो, हात वर केला, आणि टकटक केली नाही. रूल होता म्हणून नाही. तेवढा अर्धा तास त्यांच्या हिशोबी तो मुलगा येऊ शकत होता, आणि तो अर्धा तास त्यांच्यापासून हिसकावून घ्यायची माझी छाती झाली नाही. मी दाराला टेकून उभा राहिलो. आतून एकदा खोकल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. गिऱ्हाइकं येऊन गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो गेल्याची, आणि टपरीची. भिशी, बारसं, सगळं. ते ऐकत राहिले. इतके दिवस त्यांच्या त्या शांततेची मी नक्कल करून दाखवत होतो. त्या दिवशी मी तिच्यासमोर बसलो होतो आणि मला बोलायचं थांबता येत नव्हतं. शेवटी मी रडलो. ते म्हणाले, "मला तुमचा राग आलाय, पाव्हणं. लई आलाय. पर तुमच्या एकट्यावर काढला तर माझा वाटा कुठं ठिवू? हात तर म्याच खाली घ्येतले." मग उठून ते स्टँडकडे गेले. मी कान देऊन ऐकत होतो. एकही रामराम ऐकू आला नाही.

तीन महिने ते शिरूरला फिरकले नाहीत. शिक्षण सोडून देतो म्हणाले होते. मॅडमनी सोडू दिलं नाही. हीच केस लिहा, म्हणाल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि वर्गापुढे वाचा. ताई सांगत होती, की ते लिहायला बसायचे आणि कागद कोरा ठेवून उठायचे. एकदा तिनेच समोर बसून त्यांना म्हटलं, "तुम्ही बोला, मी लिवते." अशा रीतीने तीस वर्षांत ती दोघं पहिल्यांदा धड बोलली. ती केस वाचताना वर्गात काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढे ते पास झाले आणि गुरुवार-रविवार पुन्हा सुरू झाले. आवाज उतरला होता. बाजारातून येताना ते आता सगळ्यांनाच, क्लायंट असो नसो, नुसती मान हलवतात. माझ्याशी बोलतात, चहा घेतात, पण पूर्वीसारखे मांडी घालून काउंटरमागे बसत नाहीत. गुरुवारची चारची वेळ त्यांनी कोणालाच दिलेली नाही. ते त्या वेळी आत बसतात, एकटेच, आणि बाहेर येतात.

गेल्या थंडीत एका गुरुवारी एक बाई काउंटरशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोक्यावरून पदर. मला वाटलं औषधाची चिठ्ठी काढेल. ती म्हणाली, "ते हितंच येत व्हते ना?" मी तिला ओळखलं. त्या चारच्या मुलाची बायको, घाटावर बायकांच्या घोळक्यात पाहिलं होतं. साडू नुकतेच येऊन उभे होते, चार वाजायला पाच मिनिटं होती. ती त्यांच्याकडे वळली. "काय बोलत व्हते ते तुमच्यापाशी?"

माणूस गेला तरी त्याचं बोलणं त्याचंच राहतं, हा रूल मला तोवर पाठ झाला होता. साडू हळू म्हणाले, "बाई, ते मला सांगता यायचं न्हाई." ती चिडेल असं मला वाटलं, आणि चिडायचा तिला पुरा हक्क होता. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. म्या ईचाराया न्हाई, सांगाया आले. ते गुरुवारी पोटभर जेवायचे. बाकीचे दिस आर्धी भाकर टाकून उठायचे, पर गुरुवारी घरी आले की दोन-दोन भाकरी. मला वाटायचं बाजार समितीत कुनी त्यांना चांगलं बोलत आसंल." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दहाव्यानंतर मातर गुरुवारी बी भूक न्हाई म्हनाले. म्हनून म्हनलं, तुम्हाला कळाया पायजे, की तुमच्याकडनं आल्यावर ते जेवत व्हते."

सव्वीस वर्षं इंजिन चालवलेला, एवढा मोठा माणूस, काउंटरला धरून उभा राहिला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच मिशीत उतरू दिलं. शिकलेलं काही त्यात बसत नसावं. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले, आणि बराच वेळ तसेच ठेवले. तिनेही जोडले. मग ती म्हणाली, "आता चार वाजलं. ही त्यांची येळ ना? म्या जरा बसू का आत?" साडूंनी दार उघडून धरलं. ती आत गेली, मागून ते गेले, आणि मी बाहेरून दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात माझा एक टपरीवरचा दोस्त खोकल्याचं औषध घ्यायला आला. दाराकडे मान करून, डोळा बारीक करून त्याने विचारलं, "आत कोन हाय रं?"

"पाव्हणे," मी म्हटलं.

"कुठले?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तेवढ्यावर थांबलो. त्याने पैसे मोजून ठेवले. मग औषधाची बाटली घेऊन गेला.